अलागे उंचंडी

"तेलुगू म्हंजे काय? मराठीलेच उलटं टांगून वाळवलं का झालं तेलुगू," असं उद्धवराव पारावर बसून सांगायचे, आणि ऐकणाऱ्यांना ते पटायचंही. आंध्राच्या हद्दीतल्या मराठी हिवरीच्या लोकांनी त्यांना मुधोळच्या कचेरीत तेलुगू साहेबासमोर ताठ उभं राहून "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणताना पाहिलं होतं. काम करून परत येतानाही पाहिलं होतं. आणखी काय पाहिजे?

जे पाहायला पाहिजे होतं, ते मात्र कोणी पाहिलं नव्हतं. कचेरीत उद्धवरावांच्या अर्धं पाऊल मागे, डोक्यावर पदर घेऊन, त्यांच्या पत्नी प्रयागबाई उभ्या असायच्या. त्यांचं माहेर निर्मलकडचं. लहानपण तेलुगू शेजारणींच्या अंगणात गेलेलं. साहेब काही बोलला की प्रयागबाई ओठ न हलवता पुटपुटायच्या, "पहाणीची नक्कल मागून राह्यले." की लगेच उद्धवराव ऐटीत "सरे" म्हणून पिशवीतून जमिनीचा उतारा काढायचे. पस्तीस वर्षं हे असंच चाललं. शेवटी शेवटी तर खुद्द उद्धवरावांनाही वाटायला लागलं होतं की हे सगळं आपल्यालाच समजतं.

नव्वद सालच्या श्रावणात प्रयागबाई काविळीनं गेल्या. अकरा दिवसांत. उद्धवराव मागे राहिले आणि त्यांचं तेलुगूही मागे राहिलं. ते नेमकं किती राहिलं होतं, हे कळायला मात्र मार्गशीर्ष उजाडला.

उद्धवरावांच्या घरामागं परस होतं. परस म्हणजे प्रयागबाईंचं राज्य. न्हाणीचं पाणी अळूत जायचं, अळूतून केळीला, आणि उरलंसुरलं पपईला. चुलीची राख वांग्यांना. कोहळ्याचा वेल गोठ्यावर चढलेला. वालाचा वेल कुडावर, आणि कुडावर जागा पुरेना म्हणून दोरीवरच्या धुण्यावर. खाली सगळीकडे पालापाचोळा, शेण, भाजीची देठं, पऱ्हाट्यांचे तुकडे. शेजारच्या माणिकरावांच्या कोंबड्या दिवसभर या पाचोळ्यात नोकरी करायच्या आणि अंडी घालायला आपल्या घरी जायच्या, कारण प्रयागबाईंच्या घरात अंडं चालत नव्हतं.

उद्धवरावांना हा सगळा उकिरडा वाटायचा. "घर हाय का उकिरडा हाय हे?" असं ते रोज एकदा विचारायचे. त्यावर प्रयागबाई रोज एकच उत्तर द्यायच्या, "राहू द्या. लागते कवातरी."

त्याच वर्षी चैत्रात निर्मलच्या एका संस्थेचे नरसय्या सार गावात आले होते. गावोगावची शेती पाहत फिरणारा साधा माणूस. पाणी प्यायला म्हणून आले आणि परस पाहून पाणी प्यायचंच विसरले. पुढचे दोन तास ते आणि प्रयागबाई परसात फिरत तेलुगूत बोलत होते. सार वहीत काही काही लिहून घेत होते. उद्धवराव मागच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मध्येच एकदा दोघांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघंही हसले. आपल्या शेतीची तारीफ चालली असणार, असं समजून उद्धवरावांनीही हसून मान हलवली.

दिवाळीनंतर सार पुन्हा आले. बाई गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकल्यावर ते परसात जाऊन बराच वेळ उभे राहिले. सारांना मराठी येत नव्हती आणि त्यांची हिंदी पाणी मागण्यापुरतीच होती. तेवढ्या हिंदीत आणि बाकीच्या तेलुगूत त्यांनी सांगितलं की पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या कलानं करायच्या शेतीचं, शिबीर घ्यायचं आहे. दहा गावांतून चाळीस माणसं येतील, बायका जास्त. जागा म्हणजे हेच परस. तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली. मग खाली वाकून मूठभर पाचोळा उचलला, हुंगला, परत होता तिथं ठेवला आणि उद्धवरावांचा हात धरून सावकाश म्हणाले,

"चेत्ता एमी तीयकंडी. अलागे उंचंडी."

उद्धवरावांनी सवयीनं अर्धं पाऊल मागे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

मग ते म्हणाले, "सरे, सरे."

सार गेल्यावर ते ओसरीवर बसून एकेका शब्दाचा उलगडा करायला लागले. चेत्ता म्हणजे कचरा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तीय म्हणजे काढ, हे त्यांनी बाजारात ऐकलं होतं. अलागे म्हणजे अलग, हे सांगायला पंडित नको. आणि उंच तर मराठीच. म्हणजे कचरा काढा, अलग करा, उंच रचा. शेवटच्या 'अंडी'नं मात्र त्यांना घोळात टाकलं. पण दोन पानं खाऊन होईपर्यंत तेही सुटलं. चाळीस माणसं येणार, म्हणजे त्यांना खायला लागणार. शहरातल्या शिबिरांत अंडी देत असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर जाहीर केलं की आपल्या घरी चाळीस जणांचं मोठं शिबीर आहे.

"कायचं शिबीर?" माणिकरावांनी विचारलं.

"परमा कल्चर."

पारावरचे दोघंतिघं जरा लांब सरकले. त्या काळात बसस्टँडच्या भिंतींवर वैद्यांच्या जाहिराती असायच्या, आणि हातभर अक्षरांत गरमी आणि परमा हे दोनच शब्द लांबून वाचता यायचे. तो कसला रोग आणि तो कुठं जाऊन आणतात, हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत होतं.

"चाळीस जनं?" माणिकरावांनी आवाज खाली आणून विचारलं. "अन् सगळ्यांलेच तो हाय?"

"बायाबी येनार हायेत," उद्धवराव अभिमानानं म्हणाले.

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बायको जाऊन चार महिने नाही झाले आणि उद्धवरावांनी काय करून घेतलं पाहा. एका म्हाताऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन नांदेडच्या वैद्याचा पत्ता दिला. बातमी त्यांच्या लेकीपर्यंत, कुसुमपर्यंत, बेल्लमपल्लीला पोचली. जावई खाणीत कामाला. त्यानं निरोप धाडला की मामांनी लाजू नये, इथल्या दवाखान्यात ओळख आहे. सगळे एवढ्या मायेनं का बोलतात हे उद्धवरावांना कळेना. प्रयागबाईंचं दुःख लोकांना अजून वाटतं, असं समजून त्यांचे डोळे भरून आले.

पण घराकडे मात्र पाच दिवस कोणी फिरकलं नाही. त्यामुळं परस साफ करायला ते एकटेच.

त्यांनी धोतराचा काचा मारला आणि विळा घेतला. पस्तीस वर्षं प्रयागबाई म्हणत आल्या होत्या, "एक दिवस तरी परसात या, जरा फावडं धरा." कधी कपाशी आडवी आली, कधी ज्वारी, आणि काहीच नसलं तर पार होताच. आता त्यांनी ठरवलं की तिचं सगळं मागलं काम एकदाच उरकून टाकायचं. इतक्या लोकांच्या पुढं तिचं परस कसं लखलखलं पाहिजे. कोहळ्याचा वेल त्यांनी गोठ्यावरून ओढून काढला. भेदरांची, म्हणजे टोमॅटोची, झाडं वाकडीतिकडी उगवलेली दिसली, ती उपटली. अळू म्हणजे तर नुसता चिखलच. केळी ओळीत नव्हती म्हणून कापली. पाचोळा खरवडून खरवडून त्यांनी जमीन अशी केली की वर जेवायला बसावं. मग सडा घातला आणि शाळेच्या मैदानावर मारतात तशा चुन्याच्या रेघा मारल्या.

निघालेलं सगळं त्यांनी अलग केलं. देठं वेगळी, पानं वेगळी, फुटकी मडकी वेगळी, प्रयागबाईंच्या जुन्या वहाणा वेगळ्या. वहाणा मात्र त्यांनी पुन्हा घरात नेऊन ठेवल्या. मग उंच करायचं राहिलं होतं. पाचोळा काही केल्या उंच राहीना. तो प्रयागबाईंसारखाच, घाई केली की हळूच खाली बसायचा. शेवटी चारी बाजूंनी बांबू रोवून, जुन्या धोतरानं आवळून त्यांनी दोन पुरुष उंच ढीग उभा केला. लांबून पाहिलं तर धोतर नेसलेला कोणी लठ्ठ पाहुणा उन्हात उभा आहे असं वाटायचं.

सहाव्या दिवशी द्वारकाबाई आल्या. द्वारकाबाई गावच्या शाळेत तेलुगू शिकवायच्या. बौद्धवाड्यातली, प्रयागबाईंना काकू म्हणणारी शिकलेली बाई. पर्माकल्चर म्हणजे काय हे त्यांनी पेपरात वाचलं होतं, म्हणून गावात फक्त त्याच बिनधास्त आल्या. कुडापाशी आल्या आणि थबकल्या.

"काकाजी, हे काऊन काढलं सगळं?"

"सारनंच सांगतलं."

"काय सांगतलं? त्यायचे शब्द सांगा बरं मले."

उद्धवरावांनी फावडं खाली टेकवलं. एक वाक्य म्हणून दाखवायला किती वेळ लागला असता? पण ज्या माणसानं पस्तीस वर्षं साहेबाला उत्तरं दिली, त्यानं काय आता शाळेतल्या बाईला धडा म्हणून दाखवायचा?

"बाई, आपल्याले येते तेलुगू," ते म्हणाले. "तुमी पोरायले शिकवा."

द्वारकाबाई परत फिरल्या. परसात आता एकच हिरवी गोष्ट उरली होती. कुडावरचा वाल. त्याला जांभळी फुलं आली होती. जाताना त्याच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "येवढा तरी राहू द्या."

राहू द्या. हे दोन शब्द उद्धवरावांनी जन्मभर ऐकले होते आणि जन्मभर मनावर घेतले नव्हते. दुपारी त्यांनी वाल काढला.

शिबिराच्या आदल्या दिवशी ते मुधोळहून शंभर अंडी घेऊन आले. बसमध्ये टोपली मांडीवर, आणि गचका बसला की टोपलीसकट स्वतः उडायचे, पण टोपली सोडायचे नाहीत. सकाळी उठून त्यांनी परसात तीन दगड मांडले आणि अंडी उकडली. मग आत जाऊन प्रयागबाईंच्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहिले. "तुह्या चुलीवर नाही केलं," ते म्हणाले. "भायेर केलं."

दहा वाजता एक जीप आणि एक ट्रॉली आली. चाळीस माणसं उतरली, त्यांत तीस बायका. उद्धवरावांनी पुढं होऊन सगळ्यांसमोर अंड्यांची टोपली धरली. पहिली बाई मागे सरली. दुसरीनं पदर नाकाला लावला. तिसरी जरा धीट होती. ती म्हणाली, "भाऊ, मार्गशीर्षाचा गुरुवार हाय ना आज."

उद्धवराव टोपली धरून तसेच उभे राहिले. गुरुवार होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सण, वार, उपास हे सगळं घरात बोलून दाखवणारं माणूसच नव्हतं.

तोवर नरसय्या सार परसाच्या दारात पोचले होते. ते तिथंच थांबले. त्यांच्या मागे चाळीस माणसं थांबली. गावातलेही पाच-पंचवीस जण माणिकरावांना पुढं घालून आले होते, लांबून रोगी पाहायला. सगळ्यांच्या पुढ्यात सडा घातलेली, चुन्याच्या रेघांची, स्वच्छ, सपाट, बोडकी जमीन होती. कोपऱ्यात झेंडूची माळ घातलेला धोतरातला पाहुणा.

सारांनी परस या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "उद्धवराव गारू, तोट एक्कड?"

एक्कड म्हणजे कुठं, हे उद्धवरावांना माहीत होतं. "तोटा?" ते छाती काढून म्हणाले. "तोटा कुठीच नाही, सार. सगळा फायदाच फायदा हाय."

द्वारकाबाई गर्दीतून पुढं आल्या आणि त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काकाजी, तोट म्हंजे बाग. बाग कुठी गेली, विचारून राह्यले."

"पन त्यायनंच तर सांगतलं होतं," उद्धवराव म्हणाले आणि दिवाळीपासून घोकलेलं वाक्य त्यांनी अखेर बाईंसमोर म्हणून दाखवलं. बरोबर म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही.

द्वारकाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "तीय म्हंजे काढा. तीयकंडी म्हंजे काढू नका."

"अन् अलग?"

"अलग नाही. अलागे. म्हंजे हाय तसंच."

उद्धवरावांनी हातातल्या टोपलीकडे पाहिलं. "अन् अंडी?"

"अंडी नाहीत त्याच्यात, काकाजी. उंचंडी म्हंजे ठेवा. राहू द्या."

तेवढ्यात माणिकरावांना रोग्यांपेक्षा त्या धोतरातल्या पाहुण्याचं कुतूहल वाटलं. त्यांनी जवळ जाऊन धोतराची गाठ जराशी ओढून पाहिली. पाहुणा आधी वाकला, मग त्याचं धोतर सुटलं, आणि दोन पुरुष पाचोळा माणिकरावांच्या अंगावर, चुन्याच्या रेघांवर, अंड्यांच्या टोपलीवर आणि उद्धवरावांवर येऊन पडला. अंडी घरंगळत सगळीकडे गेली. धूळ खाली बसली तेव्हा परसभर पाचोळा पसरलेला होता आणि माणिकरावांच्या कोंबड्या कामावर हजर झालेल्या होत्या. लोक पोट धरधरून हसत होते.

नरसय्या सार पाचोळ्यातून चालत आले, पायानं तो जरा सारखा केला आणि म्हणाले, "इप्पुडु बागुंदी."

उद्धवरावांच्या ओठांवर 'सरे' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. केसांतलं केळीचं पान काढत ते द्वारकाबाईंकडे वळले आणि साठाव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "बाई, काय म्हनले?"

"आता बरं दिसते, म्हनले."

शिबीर झालं. सारांनी पिशवीतून चैत्रातली वही काढली. तिच्यात प्रयागबाईंच्या परसाचं चित्र होतं. अळू, केळ, पपई, गोठ्यावरचा कोहळा, सगळं जिथल्या तिथं. प्रत्येकाशेजारी तेलुगूत दोन दोन ओळी. चाळीस माणसं त्या कागदाकडे पाहायची, मग बोडक्या जमिनीकडे पाहायची, आणि पुन्हा कागदाकडे. सार बोट ठेवून सांगत होते की अम्मा पाणी कसं फिरवायची, राख कुठं टाकायची, काय कशाच्या सावलीला लावायची. द्वारकाबाई मराठीतून सांगत होत्या. उद्धवराव ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. जन्मभर ज्याला उकिरडा म्हटलं, तो काय होता ते ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

निघताना सारांनी ते पान वहीतून फाडलं आणि उद्धवरावांच्या हातात दिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर द्वारकाबाई थांबल्या. उद्धवरावांनी पान त्यांच्यापुढं धरलं. त्या एकेक ओळ वाचत गेल्या. केळ, न्हाणीचं पाणी पिते. वाल, जमिनीला जोर देतो. शेजारच्या कोंबड्या, उकरतात आणि खत देतात. खाली कोपऱ्यात ओसरी होती, आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेला एक माणूस. त्याच्याशेजारीही दोन ओळी होत्या. तिथं द्वारकाबाई थांबल्या.

"वाचा," उद्धवराव म्हणाले.

"सारनं विचारलं असंन, याचा काय उपयोग म्हनून. काकूनं जे सांगतलं ते लिवलं हाय." त्या अडखळल्या. "'अजून तरी काई नाही.'"

दोघं हसले. चैत्रात सार आणि प्रयागबाई वळून पाहून हसले होते, ते यावर.

"अन् खालची वळ?"

द्वारकाबाईंनी ती वाचली. "अलागे उंचंडी."

या वेळी उद्धवरावांनी अर्थ विचारला नाही.

त्या चित्रातलं जे जे होतं ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलं होतं. होतं तसं राहिलं ते फक्त ओसरीवरचं, ज्याचा उपयोग नव्हता ते. त्यानं आता रोज सकाळी न्हाणीचं पाणी बादलीनं केळीच्या खुंटाला घालायला सुरुवात केली आहे. खुंट अजून तरी खुंटच आहे.

पारावर उद्धवराव तेलुगूचा विषय काढत नाहीत. माणिकराव काढतात. रोज, न चुकता, चारचौघांत.

"कसा हायेस, उद्धवा?"

"हाय तसाच हाय."

"मंग?" माणिकराव विचारतात. "किती अंडी उकडू?"